अपवादाच्या दिवसाची मोटार

मोटार विकत घेण्यापूर्वी तिच्या दारावर किंवा बोनेटवर बोटांच्या पेरांनी दोनतीनदा टकटक करायची आणि मान किंचित कलती करून तो आवाज ऐकायचा, ही महाराष्ट्रातील कोणत्याही शोरूममध्ये हमखास पाहायला मिळणारी सवय आहे. पत्रा जाड आहे की पातळ हे या आवाजावरून कळते, अशी समजूत तिच्यामागे असते. आणि ज्या कुटुंबाची निवड दोन छोट्या गाड्यांपाशी येऊन अडलेली असते, ते कुटुंब पहिल्या शोरूममधला आवाज कानात जपून दुसऱ्या शोरूममध्ये जाते व तेथील दारावरही तशीच टकटक करते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने या परीक्षेला फारसा अर्थ नाही. दाराचा बाहेरचा पत्रा धक्का सोसण्यासाठी नसतोच; ते काम आतल्या सांगाड्याकडे, म्हणजे खांब, तुळया आणि दाराच्या पोटात बसवलेल्या पोलादी दांड्या यांच्याकडे असते, आणि टकटकीचा आवाज पत्र्याच्या जाडीइतकाच त्याला आतून चिकटवलेल्या आवाजशोषक थरांवरही अवलंबून असतो. शोरूममधल्या विक्रेत्याला हे ठाऊक असते, तरी तो सहसा काही बोलत नाही. गिऱ्हाइकाच्या मनात पत्र्यापलीकडची कसली तरी चौकशी चाललेली आहे, हे त्याला अनुभवाने कळलेले असते.

दोन वस्तूंची तुलना करायची तर त्या पुष्कळशा सारख्या असाव्या लागतात, आणि दोन्ही खरोखर मिळण्याजोग्याही असाव्या लागतात. भारतातील मध्यमवर्गीय कुटुंबाला मोटारीच्या बाबतीत हे भाग्य फार उशिरा लाभले. उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली, पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली फियाट यांच्या जमान्यात पसंतीपेक्षा नंबर महत्त्वाचा असे; पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, एवढेच गिऱ्हाइकाच्या हाती होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, वाट पाहण्याचा काळ हळूहळू आखूड झाला, तरी पुढची जवळजवळ पंधरा वर्षे छोटी गाडी म्हणजे मारुती हे समीकरण टिकून राहिले, कारण १९९३ साली आलेली झेन हीदेखील त्याच घरातली होती. चित्र पालटले ते १९९८ मध्ये. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ह्युंदाईने सँट्रो आणली आणि वर्ष संपता संपता, ३० डिसेंबरला, टाटांच्या टेल्कोने इंडिका आणली. दोहोंची किंमत तीन लाखांच्या आतबाहेर होती. स्कूटरवर पुढे एक मूल, मागे आई आणि तिच्या मांडीवर दुसरे मूल अशा रचनेने दशकभर संसार वाहिलेल्या कुटुंबांना तेव्हा प्रथमच, मारुतीची सावली बाजूला सारून, ‘ही की ती’ असा प्रश्न पडू लागला.

सँट्रो दिसायला विचित्र होती, हे तिच्या चाहत्यांनाही नाकारता येत नसे. साडेतीन मीटर लांबी, जेमतेम दीड मीटर रुंदी आणि त्या मानाने भलतीच उंची, असा तिचा घाट होता. या बांधणीला मोटारींच्या व्यवहारात ‘टॉलबॉय’ म्हणतात. लांबी न वाढवता आत जागा निर्माण करायची असेल तर माणसांना खुर्चीत बसल्यासारखे ताठ बसवावे, म्हणजे त्यांचे पाय पुढे पसरणार नाहीत, असे या रचनेमागचे साधे तर्कशास्त्र आहे. त्याचा एक उपफायदा मात्र नकाशात दिसत नव्हता, तो वापरातून कळला. आसनाची उंची उभ्या माणसाच्या कमरेच्या जवळ येत असल्यामुळे गाडीत उतरावे लागत नाही आणि गाडीतून चढून बाहेर यावे लागत नाही, नुसते सरकून बसता येते. नऊवारी नेसलेल्या आजींना आणि गुडघे धरलेल्या आजोबांना या एका गोष्टीने जिंकले. शाहरुख खानच्या जाहिरातींनी तरुणांना जिंकले ते वेगळे. आत ९९९ घनसेंटीमीटरचे, ५५ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते आणि त्याला एमपीएफआय पद्धतीने इंधन मिळत असे. जुन्या कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण एकाच ठिकाणी तयार होऊन सर्व सिलिंडरांकडे जाई; या नव्या पद्धतीत प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी स्वतंत्र फवारा असतो आणि किती फवारायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. ही आद्याक्षरे त्या काळात गाड्यांच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत झळकत आणि ती मिरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचा विस्तार सांगता येई.

इंडिकाची गोष्ट निराळी होती, आणि पुणे परिसरात तर ती निव्वळ मोटारीची गोष्ट राहिलीच नाही. झेनएवढा आकार, ॲम्बॅसडरएवढी आतली जागा, मारुती ८०० च्या जवळपासची किंमत आणि डिझेलचा माफक खर्च, असे तिचे ध्येय रतन टाटा यांनी जाहीरपणे सांगितले होते. तिच्या रेखाटनात इटलीतील तुरीन येथील आयडिया या संस्थेचे साहाय्य होते, आणि तिच्या उत्पादनासाठी ऑस्ट्रेलियातील निसानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, त्याचे सुटे भाग करून, तो जहाजाने आणून पिंपरी-चिंचवडमध्ये पुन्हा उभारला गेला होता. पहिल्याच आठवड्यात एक लाखाहून अधिक मागण्या नोंदल्या गेल्या. ज्या घरांत कोणी ना कोणी टेल्कोत होते, आणि चिंचवड, आकुर्डी, भोसरी या पट्ट्यात अशी घरे पुष्कळ होती, तेथे तुलनेला सुरुवात होण्यापूर्वीच तिचा निकाल लागलेला असे. मामा ज्या कारखान्यात आहे त्याची गाडी सोडून श्रीपेरुंबुदुरच्या कोरियन कारखान्यातून आलेली गाडी दारात उभी करणे हा खरेदीचा प्रश्न उरत नसे, नात्याचा होई. सुरुवातीच्या इंडिकांविषयी बऱ्याच तक्रारी आल्या आणि २००१ मध्ये व्ही टू ही सुधारलेली आवृत्ती आली, ही नोंद घेऊनही असे म्हणता येईल की त्या दोन वर्षांत अनेक भाच्यांनी मामाच्या शब्दाखातर बरेच काही निमूटपणे सोसले.

जेथे मामा आड येत नव्हता, तेथे मात्र तुलना रीतसर होई. एखादी जुनी वही, तिच्यात मधोमध उभी रेघ, डावीकडे एक नाव आणि उजवीकडे दुसरे. खाली किंमत, विमा, पासिंगचा खर्च, ॲव्हरेज, एसी, पॉवर स्टिअरिंग अशा ओळी. इंग्रजीतील मोटारविषयक मासिके याच सुमारास बाळसे धरू लागली होती आणि त्यांच्या पानांवरही दोन गाड्यांचे तक्ते असत. परंतु शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला लागणारे सेकंद ही त्या तक्त्यांतली पहिली ओळ घरगुती वहीत क्वचितच उतरवली जाई. वहीतल्या ओळी वेगळ्या होत्या आणि त्या बोलण्यातूनच भरल्या जात. ‘मागे तिघं नीट बसतील ना?’, ‘घाटात एसी बंद करावा लागतो का?’, ‘गावाकडच्या रस्त्याला खाली घासणार तर नाही?’ हे प्रश्न विचारणारी माणसे निरनिराळी असत, पण प्रश्नांचा रोख एकाच दिशेचा होता, आणि त्या दिशेकडे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

मागच्या आसनाचे उदाहरण घ्यावे. सँट्रोहून इंडिका दहा सेंटीमीटरांपेक्षा अधिक रुंद होती आणि तिच्या बाजूने बोलणारे लोक हा मुद्दा प्रथम मांडत. मागे तीन माणसे बसतात की दोन आणि एक मूल, हा फरक कागदावर लहान असला तरी कुटुंबाच्या हिशेबात तो कोणाला घरी ठेवायचे याचा फरक असतो. मधल्या जागेवर बसणाऱ्या माणसाला पाठीला नीट आधार नसतो, त्याच्या खांद्यांवर दोन्ही बाजूंचे खांदे चढलेले असतात आणि बाहेरचे दृश्य त्याला पुढच्या दोन डोक्यांच्या फटीतून दिसते. अशा जागेवर बसण्याचा मान बहुतेक घरांत धाकट्या जावेला, अविवाहित आत्याला किंवा परक्या घरातून आलेल्या भाच्याला मिळत असे. म्हणजे गाडीची रुंदी मोजताना घरातली उतरंडही मोजली जात होती. गंमत अशी की ज्या घरांत ही चर्चा तासन्‌तास चाले, त्यांतली पुष्कळशी घरे चार माणसांचीच होती, आणि रोज सकाळी त्या गाडीत बसून कामाला जाणारे माणूस एकटेच असणार होते. मागचे आसन वर्षातले बहुतेक दिवस डबा, छत्री आणि वर्तमानपत्र यांच्यासाठीच राहणार होते.

डिझेलचा हिशेब तर याहून मनोरंजक होता. त्या काळी इंधनाच्या किमती सरकार ठरवीत असे, आणि शेती व मालवाहतूक यांच्यासाठी डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त ठेवलेले होते. छोट्या गाडीत डिझेल इंजिन देऊन इंडिकाने हा फरक मध्यमवर्गाच्या हाती ठेवला. डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. हवा वीसपटींहूनही अधिक दाबली की ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हा दाब सोसण्यासाठी इंजिन जड व भक्कम बांधावे लागते, म्हणून डिझेल गाडी महाग पडते, थंडीत सुरू करताना किल्ली अर्ध्यावर धरून हीटरचा दिवा विझण्याची वाट पाहावी लागते, आणि ती चालू झाली की शेजारच्या इमारतीलाही कळते. एवढे सोसून पैसे कधी फिटणार, हा प्रश्न आकडेमोडीचा होता आणि ती आकडेमोड कोणालाही जमण्यासारखी होती. समजा, डिझेल गाडीला पन्नास हजार रुपये जास्त पडतात आणि दर किलोमीटरमागे एक रुपया वाचतो. तर फरक फिटायला पन्नास हजार किलोमीटर लागतात, आणि रोजचे वीस किलोमीटर धरले तर जवळजवळ सात वर्षे. हे उत्तर वहीत उतरले की थोडा वेळ शांतता पसरे. मग कोणीतरी म्हणे की आता गाडी आल्यावर कोकणात जाणे वाढेलच, दर दोन महिन्यांनी गणपतीपुळे, मे महिन्यात महाबळेश्वर, दिवाळीत कोल्हापूर आणि मग तसेच पुढे गोवा. आणि ते किलोमीटर मिळवल्यावर डिझेल अगदी तीन वर्षांत फिटू लागे.

हे किलोमीटर बहुतेकांच्या बाबतीत पुढे झाले नाहीत, यात काही नवल नाही. ते लबाडीने धरलेले नव्हते. वहीत ते मांडणाऱ्या माणसाला त्या क्षणी समुद्र खरोखर दिसत होता, आणि गाडीच्या निमित्ताने आपले आयुष्य थोडे अधिक हिंडते, अधिक पाहुणचाराचे, अधिक मोकळे होईल अशी त्याची प्रामाणिक अपेक्षा होती. छोट्या मोटारींच्या तुलनेत जे मोजले जाते ते चालू आयुष्य क्वचितच असते. वर्षातून चारदोनदा येणारा, किंवा अजून न आलेला, अपवादाचा दिवस त्या तुलनेच्या मध्यभागी असतो. डिकी लग्नाच्या बॅगांसाठी मोजली जाते, जमिनीपासूनची उंची गावातल्या त्या एका खडकाळ उतारासाठी आणि इंजिनाची ताकद कुंभार्ली किंवा वरंधा घाटातल्या त्या एका वळणासाठी, जेथे पाच माणसे, सामान आणि चालू एसी यांच्यासह पहिल्या गिअरवर यावे लागू नये अशी इच्छा असते. या वागण्याला अव्यवहारी म्हणण्याची घाई अर्थशास्त्र जाणणारे लोक करतात. पण मराठी घरांत माळ्यावर ठेवलेली मोठी पातेली आणि परातीही अशाच दहा वर्षांतून दोनदा खाली उतरतात, आणि त्या विकून टाकाव्यात असे सहसा कोणाच्या मनात येत नाही, कारण घर किती माणसांचे आहे हे रोजच्या कुकरपेक्षा त्या पातेल्यांवरून ठरते.

घाटाचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. एक लिटरच्या आसपासच्या पेट्रोल इंजिनाला त्या काळी एसी हा मोठा भार वाटत असे, कारण थंडावा निर्माण करणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतो आणि मूळची मोजकी ताकद त्याच्याशी वाटून घ्यावी लागते. त्यामुळे खंबाटकीच्या किंवा बोरघाटाच्या चढाला एसी बंद करायचा, काचा खाली करायच्या, माथ्यावर पोचल्यावर पुन्हा काचा वर, हा एक विधीच होऊन बसला होता आणि तो पार पाडण्याची जबाबदारी चालकाच्या शेजारी बसणाऱ्या व्यक्तीकडे असे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला तेव्हा छोट्या गाड्यांची खरी कसोटी सपाट रस्त्यावर लागू लागली. ताशी शंभराच्या पुढे सँट्रोसारख्या उंच गाडीला बाजूचा वारा जाणवे, तर इंडिका जड असल्याने रस्त्याला धरून असे. वहीतल्या तुलनेत वाऱ्याची ओळ कोणीच घातलेली नव्हती. रस्ता बदलला की तुलनेच्या ओळी बदलतात, ही गोष्ट तक्ते करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही, कारण तक्ता नेहमी कालच्या रस्त्यासाठी केलेला असतो.

वहीतली सर्वांत वादाची ओळ मात्र ॲव्हरेजचीच. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते याला महाराष्ट्रात सरसकट ॲव्हरेज म्हणतात, आणि जाहिरातीतले ॲव्हरेज, शेजाऱ्यांनी सांगितलेले ॲव्हरेज व स्वतःला मिळालेले ॲव्हरेज हे तीन आकडे कधी जुळत नाहीत. कंपन्या ज्या प्रमाणित आकड्यांचा दाखला देतात, त्यांच्यामागे बऱ्याचदा पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एका संस्थेची प्रयोगशाळा असते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेमुळे टेकडीचा तो भाग फिरायला जाणाऱ्यांत एआरएआयची टेकडी म्हणूनच ओळखला जातो. अशा चाचणीत गाडीची चाके मोठ्या रुळांवर ठेवलेली असतात. चाके फिरतात, रूळ फिरतात, गाडी जागेवरच असते, आणि चालक समोरच्या पडद्यावरील आलेखाबरहुकूम वेग वाढवतो व कमी करतो. जळलेले इंधन टाकीत डोकावून मोजले जात नाही, धुरातल्या कार्बनवरून त्याचे गणित केले जाते. म्हणजे वारा नसलेल्या, खड्डे नसलेल्या आणि समोरून अचानक म्हैस न येणाऱ्या रस्त्यावर ही गाडी धावलेली असते. दोन गाड्यांची न्याय्य तुलना करायची तर असाच रस्ता हवा, यात शंका नाही. टेकडीच्या पायथ्याशी पौड रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता त्याच दोन गाड्या एकमेकींशेजारी ठप्प उभ्या असतात तेव्हा त्यांचे ॲव्हरेज अगदी सारखे, शून्य, असते.

अपवादाच्या दिवसांत एक दिवस असा होता की ज्याचा उच्चार १९९९ च्या वहीत होत नसे. रात्रीबेरात्री इस्पितळात न्यावे लागले तर, एवढे कोणी वडीलधारी व्यक्ती हलक्या आवाजात बोले आणि तेथेच थांबे. अपघात हा शब्द शोरूममध्ये तर काढायचाच नाही, कारण गाडीला हार घालायचा असतो, चाकांखाली लिंबे ठेवायची असतात, पेढे वाटायचे असतात. ती न बोललेली गोष्ट बोटांच्या पेरांतून पत्र्यावर वाजत होती, असे म्हणायला हरकत नाही. पुढे हा दिवस हळूहळू आकड्यांत आला. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या, आणि एअरबॅग नसलेल्या त्या पाचही प्रकारांना प्रौढांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. गाडीचा पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरडला जावा आणि धक्क्याची ऊर्जा त्या चुरडण्यात खर्ची पडावी, माणसांचा कप्पा तेवढा अभंग राहावा, हे तत्त्व त्या निमित्ताने घरोघरी पोचले; जो पत्रा सहज चेपतो तो वाईट, ही समजूत त्यामुळे निदान काही घरांत डळमळली. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची चाचणी सुरू झाली. आता दोन छोट्या गाड्यांची तुलना करणाऱ्या तरुण जोडप्याच्या तोंडी ‘पाच स्टार’ हे शब्द ॲव्हरेजच्या आधी येतात, आणि ते हे शब्द एखाद्या हॉटेलविषयी बोलावे तितक्या मोकळेपणाने उच्चारतात. आधीच्या पिढीचा मौनाचा संकोच चांगला की हा मोकळेपणा, हे ठरवणे कठीण नाही. तरीही मौनात जी धास्ती होती ती ताऱ्यांच्या गणतीत कोठे गेली, असा विचार मनात डोकावून जातो.

दरम्यान छोट्या गाडीचा आकारच एका मोजपट्टीने ठरवून टाकला. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोल असल्यास १,२०० व डिझेल असल्यास १,५०० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. त्यानंतर या देशातील अनेक गाड्या ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास येऊन थबकल्या. मागे डिकीचा उंचवटा असलेल्या सेदान गाड्यांची शेपटी कापावी लागली, आणि २०१२ च्या स्विफ्ट डिझायरकडे बाजूने पाहिले की रेखाटणाऱ्याची पेन्सिल कोठे अडवली गेली ते स्पष्ट दिसे. याचा तुलनेवर झालेला परिणाम मोठा आहे, परंतु त्याविषयी फारसे बोलले जात नाही. लांबी तीच, इंजिनाची मर्यादा तीच, कराचा दर तोच, एअरबॅगचे नियम तेच, आणि सुटे भाग पुरवणारे कारखानेही बऱ्याचदा तेच. अशा स्थितीत दोन गाड्यांमधला फरक दिवसेंदिवस सूक्ष्म होत गेला आणि निवड मात्र सोपी होण्याऐवजी अवघड झाली. सँट्रो आणि इंडिका यांच्यापैकी एक निवडणारा माणूस पेट्रोल व डिझेल, उंच व रुंद, परका व आपला अशा ठळक भेदांमध्ये उभा होता. आजचा माणूस पडद्याच्या इंचांत, दिव्यांच्या आकारात आणि छताला काच असण्या-नसण्यात भेद शोधतो. आणि तो सापडला नाही की शेवटी पांढरा रंग घेतो, कारण पांढऱ्याला पुढे चांगली किंमत येते, म्हणजे अजून न घेतलेली गाडी विकण्याच्या दिवसाचीही त्याने तरतूद केलेली असते.

त्या पहिल्या जोडीचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. इंडिका काही वर्षे रोव्हरच्या नावाने इंग्लंडात विकली गेली, आणि मायदेशात ती पिवळ्या पाट्या लावून टुरिस्ट गाडी झाली. हिंजवडीच्या कंपन्यांतून मध्यरात्री माणसे घरी सोडणाऱ्या इंडिकांनी डिझेलचा तो हिशेब, जो घरगुती वहीत कधी फिटला नव्हता, अक्षरशः लाखो किलोमीटर धावून फेडला. ती २०१८ मध्ये बंद झाली. सँट्रो त्याआधीच थांबली होती. ती २०१८ मध्येच नव्या रूपात परत आली आणि चार वर्षांनी पुन्हा गेली. जुन्या सँट्रो अजून कोठे कोठे दिसतात, बहुधा सोसायटीच्या आवारात कापडी आच्छादनाखाली, निवृत्त मालकाच्या सकाळच्या भाजीपुरत्या चालणाऱ्या. ज्यांनी तेव्हा एकीची निवड केली त्यांना दुसरीविषयी आजही मत असते, आणि ते मत गाडीच्या वयाबरोबर कमी कडवे झालेले नसते.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणमानके लागू झाली, आणि छोट्या गाड्यांतले डिझेल इंजिन परवडेनासे होऊन जवळजवळ नाहीसे झाले. वहीतली उभी रेघ आता पेट्रोल किंवा सीएनजी गाडी आणि विजेवरची गाडी यांच्यामध्ये ओढली जाते. २०२२ मध्ये टियागो ईव्ही आल्यापासून ही तुलना लहान गाड्यांच्या खरेदीदारांपर्यंतही पोचली आहे. सीएनजी घेतली तर सिलिंडर डिकी खातो, म्हणजे लग्नाच्या बॅगा गेल्या. विजेवरची घेतली तर डिकी राहते, पण एका चार्जिंगमध्ये किती जाईल हा प्रश्न राहतो. रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर कोणतीही विजेवरची गाडी आठवडाभर न कुरकुरता करील, हे सर्वांना मान्य असते आणि त्यावर चर्चा होत नाही. चर्चा होते ती गणपतीला गावी जाण्याची. पुण्याहून साताऱ्यावरून उंब्रज, तेथून पाटण, कोयनानगर, मग घाट उतरून चिपळूण, अशी वाट बोटाने नकाशावर काढली जाते, फोनवर चार्जिंगची ठिकाणे शोधली जातात, चढाला बॅटरी किती उतरेल आणि उताराला किती परत भरेल याचे अंदाज बांधले जातात, उमलत्या वयाचा मुलगा उत्साहाने दोन थांब्यांचे वेळापत्रक मांडून दाखवतो. सगळे जुळत आले असे वाटत असतानाच आजी विचारतात, ‘त्या दिवशी सगळी मुंबई-पुणं एकदम निघालेली असते रे, तिथं आपला नंबर कधी लागायचा? आणि पावसात लाइट गेली म्हणजे?’ मुलगा पुन्हा फोन हातात घेतो, आणि वडील वहीत एक नवी ओळ घालतात.